राखाडी मुखपृष्ठावरची पट्टी

मुखपृष्ठ अगदी साधं होतं. सगळीकडे एकसारखा राखाडी रंग, वर शीर्षक, खाली लेखिकेचं नाव. छपाईला पाठवण्याआधी एकदा पडदाभर मोठं करून बघावं म्हणून उघडलं, तर डाव्या कडेला एक उभी पट्टी दिसली. फार पुसट. त्या पट्टीत एकाखाली एक बारके चौकोन होते. फाइलमध्येच काहीतरी राहून गेलं असणार असं वाटलं आणि मी एकेक थर बंद करून ती शोधायला लागले. सगळे थर बंद झाले, नुसता राखाडी रंग उरला, तरी पट्टी जागच्या जागी.

मग खिडकी धरून उजवीकडे सरकवली. मुखपृष्ठ सरकलं, पट्टी सरकली नाही. तेव्हा पोटात गोळा आला, कारण ते बारके चौकोन ओळखीचे होते. मी पुस्तकांची पानं लावते, दिवसाचे नऊ-दहा तास एकाच प्रोग्रामसमोर असते, आणि त्या प्रोग्रामची हत्यारांची पट्टी नेमकी तिथेच, डाव्या कडेला असते. आता प्रोग्राम बंद होता आणि त्याची सावली पडद्यावर बसली होती.

माझ्या टेबलावर दोन पडदे आहेत. डावा एलसीडी, पानं लावायला. उजवा ओएलईडी, मुखपृष्ठं आणि फोटो बघायला. ही पट्टी डाव्यावर दिसली होती. पुढच्या तीन-चार महिन्यांत या दोन्ही पडद्यांनी मला जे शिकवलं ते सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण त्या पहिल्या संध्याकाळी मला नेमकं हेच कुठे वाचायला मिळालं असतं तर रात्रभर जीव टांगणीला लागला नसता. आणि उजव्या पडद्याच्या बाबतीत जी गफलत केली ती टळली असती.

पडदे दुरुस्त करणारे एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणते. फोन लावला आणि विचारलं, "दादा, पडदा गेला का माझा?"

"ताई, आधी डोळे मिटा दोन मिनिटं."

मला कळेना. ते म्हणाले, "मिटा तर. मग उघडून सांगा सावली आहे का. आणि नजर इकडेतिकडे फिरवून बघा, सावली नजरेबरोबर फिरते की पडद्याला चिकटून राहते."

याचं कारण त्यांनी नंतर सांगितलं. एखाद्या गडद आकृतीकडे बराच वेळ टक लावून पाहिलं की डोळ्यातल्या तेवढ्याच भागाची संवेदना थकते आणि नजर दुसरीकडे वळवली तरी उलट्या रंगाची आकृती काही सेकंद दिसत राहते. लाल चौकोन बघून पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं तर हिरवट-निळसर चौकोन दिसतो, तो हाच प्रकार. दिवसभर एकाच पानाकडे बघणाऱ्याला हे होणारच. पण ती सावली नजरेबरोबर पळते. माझी पळत नव्हती.

"बरं. आता पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलवर पाठवून बघा."

स्क्रीनशॉट मोबाइलवर स्वच्छ दिसला. त्याच मोबाइलच्या कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढला, तर त्यात पट्टी आली. म्हणजे कॉम्प्युटर जे चित्र पाठवतो आहे त्यात दोष नाही, ते चित्र दाखवणाऱ्या पॅनेलमध्ये आहे. ही परीक्षा मला फार आवडली, कारण अर्ध्या मिनिटात संशयाचा अर्धा भाग कापला जातो. सावली स्क्रीनशॉटमध्येही दिसली तर पडद्याला दोष देऊच नये. प्रोग्राममध्ये किंवा फाइलमध्ये काहीतरी अडकलेलं असतं.

"मग पॅनेल गेलं ना?" मी पुन्हा तेच.

"कालचा फोटो आहे?"

"नाही."

"मग आज काढून ठेवा, उद्या परत काढा. एका दिवसावरून मी काय, कोणीच सांगू शकत नाही. सावली किती ठळक आहे ते बघू नका, बदलते आहे का ते बघा."

फोन ठेवला आणि कामाला लागले. पडद्याच्या मापाची काही साधी चित्रं बनवली: पांढरं, काळं, गडद राखाडी, मध्यम राखाडी, फिकं राखाडी, आणि निव्वळ लाल, हिरवं, निळं. प्रत्येक चित्र पडदाभर उघडायचं आणि फोटो काढायचा. ऐकायला सोपं आहे, पण पहिले दहा-बारा फोटो वाया गेले. कॅमेऱ्याचे ठिपके आणि पडद्याचे ठिपके एकमेकांत अडकून फोटोवर लाटांसारखी वलयं उमटतात, त्यांत सावली बुडून जाते. मोबाइल जरा मागे घेतला, फोकस किंचित हलवला की वलयं जातात. शिवाय कॅमेरा दर फोटोला उजेड आपल्या मनाने कमीजास्त करतो. तो एका जागी बांधून टाकला नाही तर कालच्या आणि आजच्या फोटोची तुलना करण्यात काही अर्थ नाही. खोली अंधारी केली, मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवला, टेबलावर त्या जागी पेन्सिलीने खूण केली. ती खूण अजून आहे.

डाव्या पडद्यावर असं दिसलं: मध्यम राखाडीवर पट्टी सर्वांत ठळक, गडद आणि फिक्या राखाडीवर अंधूक, पांढऱ्यावर जवळजवळ नाही, काळ्यावर अजिबात नाही. हा नमुना एलसीडीच्या स्वभावाला धरून आहे. एलसीडीत मागून दिवा सतत लागलेला असतो आणि पुढचे द्रव स्फटिक विजेच्या दाबानुसार वळून त्याचा उजेड अडवतात किंवा सोडतात. अगदी पांढऱ्या आणि अगदी काळ्या टोकांना दाब थोडा हलला तरी उजेडात फारसा फरक पडत नाही. मधल्या राखाडीत मात्र दाब केसभर बदलला तरी उजेड बदलतो. म्हणून स्फटिकांवर थोडासा दाब मागे रेंगाळला तर तो मध्यम राखाडीवरच पकडला जातो.

आणि रेंगाळतो तो असा. स्फटिकांच्या द्रवात नको असलेले विद्युतभारित कण अगदी थोडे का होईना असतातच. वीज एकाच दिशेने लागली तर हे कण एका बाजूला जाऊन साठतील, म्हणून एलसीडीत विजेची दिशा सतत उलटीपालटी करत ठेवतात. पण हा तोल शंभर टक्के साधत नाही. तेच चित्र तासन् तास राहिलं की उरलेला किंचित फरक कणांना हळूहळू एका बाजूला ढकलत राहतो. चित्र काढून घेतलं तरी साठलेले कण लगेच पांगत नाहीत आणि त्यांचाच दाब स्फटिकांवर राहतो. यात काही जळलेलं नसतं, झिजलेलं नसतं. कण परत पांगले की सावली जाते.

माझ्याकडून काय झालं तेही उघड होतं. एका जाड पुस्तकाची घाई होती, पडदा मध्येच झोपतो म्हणून त्याची झोपण्याची सोयच मी बंद करून टाकली होती, आणि तीन दिवस, रात्री धरून, तोच प्रोग्राम समोर उघडा होता.

त्या रात्री पडदा बंद केला. सकाळी फोटो काढला: पट्टी होती, पण चौकोन मोजता येत नव्हते. दिवसभर त्या पडद्यावर पांढरं चित्र लावून ठेवलं आणि काम उजव्यावर केलं. संध्याकाळी पट्टीची फक्त वरची कड दिसत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मध्यम राखाडीवर काहीही नव्हतं. चार फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले तेव्हा जो हायसं वाटण्याचा क्षण होता तो मी विसरणार नाही.

इथे थोडं शब्दांबद्दल. पडद्यावरच्या कुठल्याही नको असलेल्या जोडचित्राला लोक एकच नाव देतात आणि त्यातून गोंधळ होतो. अँटेनाच्या जुन्या टीव्हीवर माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकी जुळी आकृती दिसायची. ती कुठेतरी आपटून उशिरा पोहोचलेल्या लहरींमुळे, पडद्याचा त्यात संबंध नव्हता. वेगाने पळणाऱ्या वस्तूच्या मागे शेपूट दिसते ती पिक्सेलचा रंग बदलायला वेळ लागतो म्हणून, आणि वस्तू थांबली की शेपूटही संपते. मी इथे लिहिते आहे ते स्थिर चित्राच्या मागे राहणाऱ्या आकृतीबद्दल. तिच्यातल्या तात्पुरत्या प्रकाराला इमेज रिटेन्शन म्हणतात आणि कायमच्याला बर्न-इन. माझ्या वहीत मी पहिलीला सावली आणि दुसरीला छाप लिहिते, पुढेही तसंच लिहिते.

आता उजवा पडदा.

डाव्याचं प्रकरण निस्तरल्यावर साधारण दोन महिन्यांनी, एका संध्याकाळी ओएलईडीवर एक गडद फोटो उघडला आणि त्यात पुन्हा तशीच पट्टी दिसली. या वेळी मी घाबरले नाही. वाटलं, सावली आहे, दोन दिवसांत जाईल. फोटो काढले नाहीत, वहीत नोंद केली नाही, पडद्याची चमक कमी केली नाही. जवळजवळ तीन आठवडे असेच गेले. हीच ती गफलत. एका जातीच्या पडद्याचा अनुभव मी डोळे झाकून दुसऱ्या जातीला लावला.

ओएलईडीत मागे दिवा नसतो. प्रत्येक पिक्सेलमध्ये सेंद्रिय पदार्थाचे पातळ थर असतात आणि ते स्वतः उजळतात. १९८७ साली चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कोडॅकच्या प्रयोगशाळेतून अशा थरांच्या दिव्याबद्दल निबंध प्रसिद्ध केला, तिथून आजच्या पडद्यांपर्यंत ही वाट आली आहे, आणि या वाटेवर सुरुवातीपासून आजवर एक अडचण सोबत आहे: हा पदार्थ जितका उजळतो तितका झिजतो. निळा उजेड देणारा पदार्थ तर सर्वांत आधी दमतो, कारण निळ्या उजेडाची ऊर्जा जास्त असते. सगळा पडदा सारखा झिजला तर डोळ्याला कळत नाही. काही पिक्सेल जास्त राबले आणि शेजारचे बसून राहिले की दोघांतला फरक आकृती होऊन दिसतो. ती छाप.

तीन आठवड्यांनी पट्टी तशीच आहे हे लक्षात आलं तेव्हा पुन्हा दादांना फोन केला. या वेळी त्यांनी विचारलं, "रात्री पडदा बंद कसा करता?"

"सगळंच बंद करते. भिंतीवरचं बटण."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "ताई, त्याला रात्री तेवढं काम करू द्यायला हवं होतं."

ओएलईडी पडदे बंद झाल्यावर, वीज मागे चालू असेल तर, स्वतःचं एक काम उरकून घेतात. प्रत्येक पिक्सेलला वीज पुरवणारे बारीक ट्रान्झिस्टर दिवसभराच्या वापराने थोडे सरकलेले असतात. पडदा त्यांची मोजणी करतो आणि ज्याला जितकी भर हवी तितकी देऊन सगळ्यांना पुन्हा एका रेषेत आणतो. अनेक पडद्यांत काही तासांचा वापर साठला की पुढच्या वेळी बंद केल्यावर हे आपोआप होतं, काही मिनिटांत आटोपतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. भिंतीवरचं बटण बंद केलं की ते होतच नाही. मी रोज रात्री निगुतीने ते बटण बंद करत होते.

त्या रात्रीपासून नुसता पडदा बंद केला, वीज चालू ठेवली. आणि या वेळी फोटोंना चुकले नाही: संध्याकाळी काम संपल्या संपल्या एक संच, सकाळी काम सुरू करण्याआधी दुसरा.

पहिल्याच सकाळी दोन संच शेजारी ठेवले आणि लक्षात आलं की मी जिला एक आकृती समजत होते त्या दोन होत्या, एकीवर एक बसलेल्या. संध्याकाळच्या फोटोत अगदी गडद राखाडीवर हत्यारांची पट्टी होती, चौकोनांसकट. सकाळी ती नव्हती. म्हणजे ती सावली, रोज जमणारी आणि मोजणी झाली की जाणारी. पण मध्यम आणि फिक्या राखाडीवर दुसरं काहीतरी होतं: पडद्याच्या मध्यभागी एक मोठा आयत, बाकीच्यापेक्षा नखभर मंद, आणि त्याच्या चारही बाजूंना किंचित उजळ किनार. संध्याकाळी होतं तसंच सकाळी.

तो आयत माझं पान होता. मधल्या काळात पानं मी उजव्या पडद्यावरही लावत होते. माझ्या प्रोग्रामच्या पट्ट्या गडद रंगाच्या आहेत आणि मध्ये पांढरं पान उघडं असतं. मी आठवडेच्या आठवडे कडेच्या उजळ किनारीकडे दोष म्हणून बघत होते, आणि खरं तर तिथलं पॅनेल जवळजवळ नवं होतं, कारण गडद पट्टीखाली ते फारसं पेटलंच नव्हतं. झिजला होता तो मधला, मला चांगला वाटणारा भाग. ही गोष्ट उमगल्यावर मी बराच वेळ नुसती त्या राखाडी पडद्याकडे बघत बसले होते. कामाच्या पानांचा, त्यांच्या पांढऱ्या समासांचा आकार त्या पडद्यात उतरला होता.

रंगीत चित्रांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पानांत काही चूक राहिली असेल तर माझ्या प्रोग्रामच्या खालच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका पेटतो. चूक निस्तरली की हिरवा होतो. जाड पुस्तकांत तो महिनाभर लालच असतो. निव्वळ लाल चित्र पडदाभर लावलं तर त्या जागी एक काळसर गोल दिसला, ज्वारीच्या दाण्याएवढा. निव्वळ निळ्यावर तिथे काही नाही. लाल, हिरवा, निळा हे उपपिक्सेल आपापले वेगळे झिजतात, म्हणून राबलेला रंग त्याच रंगाच्या चित्रावर पकडता येतो. नुसता राखाडी लावून तपासलं असतं तर तो गोल मला कळलाही नसता.

आठवडाभर रोज फोटो. आयताच्या कडा पहिल्या चार दिवसांत थोड्या मवाळ झाल्या, मग थांबल्या. लाल चित्रावरचा गोल तसाच. पडद्याच्या सेटिंगच्या यादीत याच मोजणीचा मोठा प्रकार हाताने सुरू करायची सोय होती. ती वारंवार करू नये असं माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं, म्हणून एकदाच चालवली. तासाभराने पडदा उघडला. आयत आणखी थोडा फिका, गोल किंचित लहान वाटला. फोटो ताडून पाहिला तर लहान झाला नव्हता. पुढचे तीन आठवडे फोटोत काहीही बदल नाही. तेव्हा वहीत लिहिलं: छाप.

मोजणीने पदार्थ परत येत नाही. झिजलेल्या पिक्सेलला थोडी जास्त वीज देऊन त्याला शेजाऱ्याच्या बरोबरीला उभं करता येतं, आणि ती भर देण्यालाही सीमा असते. आयत फिका झाला तो या भरीमुळे, झीज आहे तेवढीच आहे. आणि याच कारणाने, पडद्यावर तासन् तास रंग लुकलुकवत ठेवणारे जे व्हिडिओ उपाय म्हणून सांगितले जातात ते मी ओएलईडीवर लावले नाहीत. एलसीडीत बदलतं चित्र ठेवल्याने साठलेले कण पांगायला मदत होऊ शकते. ओएलईडीत मात्र त्याने राबलेले आणि न राबलेले सगळेच पिक्सेल आणखी राबतात. लोक काळजीपोटी हे करतात, म्हणून मुद्दाम लिहिते: आधी पडदा कुठल्या जातीचा आहे ते बघा, मग उपायाला हात लावा.

दादांचं यावरचं बोलणं मला नेहमी आठवतं. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा काचेच्या नळीचे मॉनिटर होते. नळीच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा लेप असायचा, त्यावर इलेक्ट्रॉनचा मारा होऊन तो उजळायचा, आणि सतत एकाच जागी मारा झाला की तिथला लेप काळवंडायचा. "वर्षानुवर्षं एकच यादी दाखवणारे मॉनिटर यायचे," ते सांगत होते. "वायर काढून टेबलावर ठेवला तरी काचेवर ती यादी वाचता यायची. तिथे विचारायला लागायचं नाही, तात्पुरतं की कायमचं." स्क्रीनसेव्हर आले ते त्या काळजीतून. आजच्या पडद्यांवर बंद असताना काही दिसत नाही, म्हणून निवाडा फोटोंवर आणि दिवसांवर सोडावा लागतो.

मी काही फार वेगळी वापरणारी आहे असं नाही. आरटिंग्ज या कॅनडातल्या चाचणी करणाऱ्या संस्थेने २०१८ च्या जानेवारीत सहा सारखे ओएलईडी टीव्ही रोज वीस तास चालवायला घेतले, वेगवेगळे कार्यक्रम लावून. बातम्यांची वाहिनी सतत लागलेल्या टीव्हीवर वाहिनीच्या पट्ट्यांची छाप उमटली. सतत बदलणारं चित्र असलेल्यांवर तसं दिसलं नाही. माझं पांढरं पान म्हणजे माझी बातम्यांची वाहिनीच.

आता पानं डाव्या पडद्यावरच लावते आणि त्याची झोपण्याची सोय पुन्हा चालू केली आहे. उजव्याची चमक उतरवली, प्रोग्रामच्या पट्ट्या तिथून हलवल्या, रात्री वीज चालू ठेवते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्सिलीच्या खुणेवर मोबाइल ठेवून एक संच काढते.

रंगाच्या कामात मात्र तो आयत रोज आडवा येतो. मुखपृष्ठ त्याच्या कडेवर आलं तर अर्धा राखाडी एक दिसतो आणि अर्धा दुसरा, आणि कुठला खरा ते डोळ्याला ठरवता येत नाही. म्हणून मुखपृष्ठ पडदाभर मोठं करणं सोडलं आहे. ते पूर्ण त्या आयताच्या आत ठेवते. तिथे झीज आहे, पण सगळीकडे सारखी आहे.